घामाचा हिशेब

औंध संस्थानाचा मुलूख कधीच सलग नव्हता. राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. आणखी एक तुकडा पार विजापूरकडे. या विखुरलेल्या गावांत एक गोष्ट मात्र सारखी होती, ती म्हणजे शाळेतले सूर्यनमस्कार. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत, त्यांवर पुस्तकं लिहीत आणि संस्थानातल्या शाळांमधून ते सक्तीचे करत. १९३८ मध्ये त्यांचं ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ लंडनहून निघालं. नेमाने नमस्कार घालणाऱ्याच्या वाटेला दुखणी फारशी जात नाहीत, यावर राजेसाहेबांचा ठाम विश्वास होता.

विश्वास होता, मोजमाप नव्हतं. खरं तर तपासणीला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. शाळा हाताशी, हजेरीपट तयार, हुकूम मानला जाणारा, आणि शेजारीच ब्रिटिश अंमलाखालची गावं, जिथे नमस्कारांची सक्ती नाही. दोन्हीकडच्या पोरांची उंची, वजन, दम आणि आजारपणाने बुडालेले दिवस चार-पाच वर्षं टिपून ठेवले असते, तर आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत औंधचं नाव आलं असतं. राजेसाहेबांचा भर प्रचारावर राहिला. मोजायचं काम मागे पडलं, आणि आपल्याकडे ते पुढे बरीच वर्षं मागेच राहिलं. या संग्रहात लिहिणारे पदव्युत्तर आणि पीएच.डी.चे विद्यार्थी ज्याला हात घालताहेत, ते हेच राहिलेलं काम आहे.

या संग्रहाचा पट सातारा आणि सांगली एवढाच का, असं कुणी विचारेल. हे जिल्हे मुळात एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कृष्णा दोन्हीकडून वाहते. पश्चिमेला पाटण-शिराळ्याचा डोंगर आणि धो धो पाऊस, मधे उसाचा पट्टा, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी टापू. डोंगर चढून शाळेला जाणारं पोर, कारखान्याच्या गावात मोटरसायकलवर वाढलेलं पोर आणि टँकरच्या मागे धावणारं पोर अशी तिन्ही एकाच पिढीत आणि एसटीने एका दिवसात गाठता येतील एवढ्या अंतरात भेटतात. अभ्यासकाला आणखी काय हवं?

शिवाय इथे खेळाची यादी मोठी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ च्या हेलसिंकीचं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कवठेपिरानचे मारुती माने, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण. विजय हजारे आणि नंदू नाटेकर दोघेही सांगलीत जन्मलेले. स्मृती मानधना सांगलीत वाढलेली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. त्याआधी ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठलेली भारतीय महिला होती १९८४ ची पी. टी. उषा. साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी, २०२३ मध्ये, बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमधून गोळाफेकीचं रौप्य घेऊन आले. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच २०२३ मध्ये झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने नेली.

ही यादी अभिमानाची आहे, पण संशोधनाच्या दृष्टीने जरा अडचणीचीही. आपण जिंकलेल्यांना बोलावून विचारतो, तुम्ही कसे घडलात? त्यांच्याबरोबर त्याच वर्षी धनुष्य उचललेली आणि दोन हंगामांनंतर खाली ठेवलेली मुलं कुठे गेली, हे कुणी विचारत नाही. आणि ज्यांनी ते कधी उचललंच नाही, ती तर मोजणीतच नसतात. आरोग्याचा प्रश्न मात्र त्यांचाच मोठा आहे.

नव्या वाचकासाठी व्यायाम आणि आरोग्याच्या अभ्यासाची वाटचाल थोडक्यात सांगायला हवी.

आपल्याकडचा सगळ्यांत जुना प्रवाह तालमीचा. जोर, बैठका, लाल माती, वस्तादाचा शब्द, खुराक. हे शास्त्र तोंडी चालत आलं, आणि त्यात निरीक्षण पुष्कळ होतं. कोणत्या पोराला किती मेहनत द्यायची, कधी थांबवायचं, हे चांगला वस्ताद डोळ्यांनी ओळखत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय भावनेच्या लाटेत याच तालमींतून व्यायामशाळा उभ्या राहिल्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वेगळी वाट धरली. १९१९ मध्ये काले इथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत अंगमेहनत हा शिक्षणाचाच भाग होता. वसतिगृहातला मुलगा खडी फोडे, शेतात राबे आणि शिके. त्याच्या घामाला कुणी व्यायाम म्हटलं नाही, पण आज आम्ही ज्याला शारीरिक सक्रियता म्हणतो ती याहून निराळी नव्हती.

दुसरा प्रवाह कवायतीचा आणि परदेशातून आलेल्या शारीरिक शिक्षणाचा. मद्रासला वायएमसीएचं महाविद्यालय १९२० मध्ये निघालं, मुंबईजवळ कांदिवलीला सरकारी संस्था १९३८ मध्ये. तिसरा प्रवाह संख्येने बारीक, पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनं-प्राणायाम करणाऱ्याच्या शरीरात नेमकं काय घडतं हे उपकरणं लावून पाहायला सुरुवात केली. औंधला प्रचार चालू होता त्याच दशकात, फार लांब नाही, लोणावळ्याला मोजमाप चालू होतं. या दोन गोष्टींची गाठ पडली नाही, हे आपलं दुर्दैव.

स्वातंत्र्यानंतर शारीरिक शिक्षणाच्या पदव्या आल्या आणि चाचण्यांचं युग सुरू झालं. अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात तिथली मुलं युरोपातल्या मुलांपेक्षा कमजोर आहेत असं आढळलं, त्यावरून बरीच खळबळ झाली आणि शाळांसाठी ‘आफर’ नावाची चाचणीमाला तयार झाली. ती आपल्याकडे जशीच्या तशी आली. मूळ मालेत सॉफ्टबॉलची फेकसुद्धा होती. जन्मात सॉफ्टबॉल न पाहिलेल्या खेड्यातल्या पोरांनी तो फेकावा आणि त्यावरून त्यांची क्षमता ठरावी, हा विनोद कितीतरी प्रबंधांनी गंभीरपणे पार पाडला. ‘कबड्डी व खो-खो खेळाडूंच्या चपळतेचा तुलनात्मक अभ्यास’ या वळणाचे प्रबंध आमच्या ग्रंथालयांत कपाटं भरून आहेत. तीस इकडचे, तीस तिकडचे, एक टी-चाचणी, ‘लक्षणीय फरक आढळला’ किंवा ‘आढळला नाही’. मी त्यांची टिंगल करत नाही. त्यातूनच मोजण्याची शिस्त आली. पण फरक आढळला तर पुढे काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

जगात तोवर वारं फिरलं होतं. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघे एकाच गाडीत, एकाच पगारवर्गाच्या आसपास. पण चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकार वाहकांमध्ये स्पष्टपणे कमी निघाला. १९५३ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि व्यायाम हा विषय आखाड्यातून थेट रोगपरिस्थितीविज्ञानात गेला. पदक, ताकद, चपळता हे शब्द मागे पडून रोज किती मिनिटं, किती जोराने, किती वर्षं हे प्रश्न पुढे आले. आज जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, ती याच परंपरेतून.

मग मानसशास्त्रज्ञ आले, कारण मिनिटं सांगून माणसं हलत नाहीत. बॅन्ड्युरा म्हणाला, ‘मला हे जमेल’ असं वाटणं महत्त्वाचं. आझेनने हेतू, आजूबाजूच्यांचं मत आणि आपल्या हातात किती आहे याची जाणीव यांची मांडणी केली. डेसी आणि रायन यांनी स्वतःच्या आनंदासाठी खेळणं आणि कुणाच्या धाकाने खेळणं यांतला फरक धरला. त्यानंतर परिसराचा विचार करणारी मंडळी म्हणाली, हे सगळं एकट्या माणसाच्या डोक्यात शोधू नका. रस्ता, शाळेचं वेळापत्रक, घरची कामं आणि गावची नजरसुद्धा पाहा. युवा क्रीडेच्या क्षेत्रात कॅनडाच्या जाँ कोते यांनी लहानपणी अनेक खेळ चाखून मग एक निवडणं आणि आठव्या वर्षापासून एकाच खेळाला जुंपणं यांतला भेद मांडला. आपल्याकडे आठ-दहा वर्षांचं पोर घर सोडून कोल्हापूरच्या तालमीत राहायला जातं, तेव्हा हा भेद पुस्तकी राहत नाही.

एवढ्या सगळ्या विचारधारा. पण त्यांची हत्यारं इथे कशी चालतात? माझ्या मते या संग्रहाचा खरा जीव या प्रश्नात आहे.

हालचाल मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली तिचे ढोबळ तीन कप्पे करते: काम, प्रवास, फुरसत. आता पहाटे पाचला सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावाबाहेरच्या रस्त्यावर जा. अंधारात पोरांचे थवे धावत असतात, हल्ली मुलीही. कुणाच्या हातात मोबाइलचं घड्याळ, कुणाच्या पायात दुकानातला सगळ्यांत स्वस्त बूट, कुणी अनवाणी. ही भरतीची तयारी. पोलिसांसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, फौजेसाठी वेगळं. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं अपशिंगे मिलिटरी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हे नवल नाही. पण ही धाव कोणत्या कप्प्यात टाकायची? काम नाही, कारण पगार नाही. प्रवास तर नाहीच. आणि याला फुरसत म्हणणाऱ्याने त्या पोराच्या तोंडावर म्हणून दाखवावं. भरतीत निवड झाली की निम्मी धाव थांबते, वय उलटलं की सगळीच. त्यानंतर त्याच शरीराचं काय होतं? इथल्या तरुणांच्या व्यायामाचा एवढा मोठा भाग संशोधनात जवळपास दिसत नाही, कारण प्रश्नावली दुसऱ्या देशात बेतलेली आहे.

मुलींचं कोडं याहून अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०१६ पर्यंतची आकडेवारी एकत्र केली तेव्हा जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलामुलींची हालचाल अपुरी निघाली. भारत किंचित बरा: मुलगे ७२ टक्के, मुली ७६. याचं कारण देताना मुलांसाठी गल्लीतल्या क्रिकेटचा उल्लेख होता आणि मुलींसाठी घरकामाचा. म्हणजे कागदावर आमच्या मुली निरोगी दिसतात त्या हंडा, झाडलोट आणि धुण्यामुळे. आकडा सुधारला म्हणून आनंद मानायचा का? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात शोभा राव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गरोदरपणी शेतात आणि पाण्यासाठी फार राबणाऱ्या बायकांची बाळं लहान भरतात. त्याच गावांतल्या बाळांवरून डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दिसायला बारीक पण चरबीने जड अशा भारतीय बाळाची ओळख जगाला करून दिली. हालचाल जितकी जास्त तितकी चांगली, हे सूत्र इथे मोडतं. माणमधल्या मुलीला कमी काम आणि जास्त खेळ हवा. कारखान्याच्या गावातल्या मुलीला दोन्ही हवं असेल. एकच सल्ला दोघींना देणारं धोरण एकीला नक्की चुकीचं ठरणार.

पैलवानाचंही असंच. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. शरीर-वस्तुमान निर्देशांक काढा, तीसच्या वर जातो, म्हणजे तक्त्यात लठ्ठ. तालमीत बघा तर पोट सपाट, मान आणि मांड्या दगडासारख्या. तोच पैलवान पस्तिशीत भेटतो तेव्हा मेहनत सुटलेली असते, खुराक सुटलेला नसतो, आणि आता तक्ता खरं बोलायला लागतो. दूध, तूप, थंडाई आणि हल्ली प्रोटीनचा डबा. मैदानाच्या आदल्या दिवशी वजन उतरवायला पाणी तोडणारी पोरंही आहेत. त्यांना सल्ला देणारा माणूस बहुतेक वेळा डबा विकणाराच असतो. आणि याच मैदानाच्या कडेला, गुटख्यावर २०१२ पासून बंदी असलेल्या राज्यात, माव्याची पुडी सहज मिळते. खेळणारा तो निरोगी, हे गृहीत धरून चालणाऱ्या संशोधकाने एक संध्याकाळ जत्रेच्या मैदानात घालवावी.

आत्ताच हे का? कारण या दोन जिल्ह्यांतलं रोजचं जगणं एका पिढीत बदललं. मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत मिळाला आणि शाळेची पायपीट संपली. शिक्षण टिकलं ही त्यातली मोठी गोष्ट, पण चालणं गेलं त्याची भरपाई शाळेत होत नाही. ऊसतोडीला यंत्र येतंय, नांगराला ट्रॅक्टर कधीच आला. दुसरीकडे २०१२ पासून साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन भरते, यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा खाली, आणि तिच्यासाठी बाहेरगावचे धावपटू लॉजं भरून टाकतात. ज्यांच्या अंगचं काम सुटलं ते पैसे भरून धावायला लागले, आणि ज्यांचं सुटलं नाही त्यांना धावायला उसंत नाही. खेळाला सरकारी किंमतही आली आहे: बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण, नोकरीत पाच टक्के आरक्षण. त्यामुळे पालक मुलाला मैदानावर पाठवू लागले, आणि प्रमाणपत्र हाती पडताच मैदानावरून घरी न्यायलाही लागले.

हा संग्रह या सगळ्याची उत्तरं देत नाही. इथले अभ्यास लहान आहेत. विद्यार्थ्याच्या हातात वेळ आणि पैसा जेवढा असतो तेवढ्यातच ते बसवलेले. काहींनी छातीवर पट्टा आणि कमरेला मोजणीयंत्र लावलं, काहींनी फक्त वही घेतली आणि मुलींबरोबर पाण्याला गेले. माझा कल दुसऱ्या गटाकडे आहे हे लपवत नाही. यंत्राला हंड्याचं वजन कळत नाही. मात्र वहीवाल्यांनी आपल्या निरीक्षणाला आकड्यांची शिस्त लावली पाहिजे, आणि या बाबतीत काही लेख कच्चे आहेत. ते तसेच ठेवले, कारण कच्चा पण खरा प्रश्न हा पक्क्या पण उसन्या प्रश्नापेक्षा उपयोगाचा.

एका गोष्टीवर मात्र संपादनात तडजोड केली नाही: मुलांशी वागण्याची रीत. सगळ्या वर्गासमोर वजनकाटा मांडून आकडा मोठ्याने सांगायचा आणि मागच्या बाकावरून हशा यायचा, ही आपल्या शाळांतली जुनी पद्धत. ज्या मुलीचं वजन असं पुकारलं गेलं ती पुढच्या मोजणीच्या दिवशी गैरहजर असते, आणि संशोधक तिला ‘गळती’ म्हणून नोंदवतो. इथे वजन पडद्याआड घेतलं, आकडा फक्त मुलीला सांगितला, पालकांची संमती मराठीत आणि समजेल अशा शब्दांत घेतली. पाळीच्या दिवसांत खेळाबद्दल विचारायचं होतं तिथे विचारणारी बाईच होती. पाहुण्या अभ्यासकाला ही बारीकसारीक पथ्यं वाटतील. ती पाळली नाहीत तर माहितीच खोटी येते.

वाचकाने हे लेख क्रमाने वाचायची गरज नाही. क्रीडाशिक्षकाने तालमीवरचे आधी वाचावेत, आशाताईंनी आणि डॉक्टरांनी मुलींवरचे, आणि धोरण आखणाऱ्यांनी मैदान सोडलेल्या मुलांवरचे. निष्कर्षांशी मतभेद झाला तर तो लिहून पाठवावा. ज्या गावांत हे काम झालं तिथल्या लोकांनी तर नक्कीच.

मुख्याध्यापकांना एक विनंती. वेळापत्रकात खेळाचा तास असतो, आणि सहामाही जवळ आली की त्यात गणिताचे सर शिरतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल तक्रार नाही. वर्षभरात तो तास खरोखर किती वेळा झाला आणि किती मुली त्यात मैदानावर उतरल्या, एवढी नोंद एका वहीत प्रामाणिकपणे ठेवा आणि जून महिन्यात ती वही रद्दीत घालू नका. पुढच्या तुकडीतला कुणीतरी विद्यार्थी ती मागायला येईल, त्याला द्या.